बसमधलं घर: जागेचं काय घेऊन बसलात, पाण्याचं बघा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बसमध्ये संसार थाटलेल्या जोडप्यांचे फोटो बघितले, दिव्यांच्या माळा, पांढऱ्याशुभ्र चादरी वगैरे, छानच आहेत, पण ते बघून आमच्या सोसायटीतल्या दोन पोरांनी जुनी एसटी घेऊन तिचं घर करायचं डोक्यात घेतलंय म्हणून लिहितेय. माझा मुलगा आणि सून अमेरिकेत जुन्या स्कूल बसमध्ये राहतात आणि गेल्या हिवाळ्यात मी आणि आमचे हे त्यांच्याकडे ॲरिझोनात राहून आलो.

एवढ्याशा जागेत कसं हो राहता, हे सगळे विचारतात आणि मला तो प्रश्नच फालतू वाटतो. माझं लहानपण डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत गेलं, खोली 160 चौरस फुटांची आणि माणसं आठ. मुलाची बस आतून साडेसात फूट रुंद, सीट काढल्यावर तीसेक फूट लांब, म्हणजे सव्वादोनशे चौरस फूट झाले की! पण चाळीत नळाला पालिकेचं पाणी यायचं, संडास मजल्याच्या टोकाला, आणि पुढे ती घाण कुठे जाते हा विचार आम्ही जन्मात केला नाही. बसमध्ये दिवसभर तोच विचार.

टाकी 100 गॅलनची, म्हणजे 380 लिटरच्या आसपास, आणि आम्ही चौघं. भांडी आधी पुसायची मग धुवायची, अंघोळ म्हणजे अंग ओलं करून नळ बंद, साबण लावा, मग परत नळ. वापरलेलं पाणी पण खालच्या टाकीत साठतं, ती भरली की डम्प स्टेशनला जाऊन रिकामी करायची. संडास कंपोस्टिंगवाला, म्हणजे फ्लश नाही, खाली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), लघवीची बाटली वेगळी आणि आत पाण्याचा थेंब पडता कामा नये, आता सांगा आपल्या माणसाने काय करायचं? सुनेने धुवायला शॉवरमध्ये पाण्याचा मग ठेवला होता, आधी इथे बसा मग तिथे जा, ह्यांच्या गुडघ्यांना ती कसरत झेपेना, शेवटी मुलगा त्यांना रोज सकाळी गाडीने पेट्रोल पंपावर न्यायचा.

स्वयंपाकाची तऱ्हा वेगळीच. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म बोंबलायला लागतो, म्हणून छतावरचा पंखा फुल आणि दार सताड उघडं ठेवून फोडणी. कुकरची वाफ काचांना धरते, स्कूल बसला खिडक्याच खिडक्या, थंडीत सकाळी बघावं तर गादीची कड ओली. बस जरा तिरकी उभी असली की धिरडं एका बाजूला जाड होतं, मग मुलगा चाकाखाली फळ्या टाकून बस पुढे-मागे करत बसायचा (मला हसू यायचं, त्याला नाही).

सरकारी जमिनीवर फुकट राहता येतं हे खरंय पण बऱ्याच ठिकाणी 14 दिवसच, मग मुक्काम हलवा. पक्का पत्ता नाही म्हणून पत्रं भलत्याच राज्यातल्या एजन्सीकडे जातात, इन्शुरन्स मिळता मिळत नाही, पिवळा रंग बदला, स्टॉपची पाटी काढा, मोटरहोम म्हणून नोंदवून घ्या हे सगळं आलंच. तरी दोघं मजेत आहेत, कॅलिफोर्नियातलं भाडं वाचतंय, आणि मी काही त्यांना फ्लॅट घ्या म्हणणार नाही.

पण आपल्याकडे? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते, त्यात परिवहन महामंडळांच्या बसही आल्या, म्हणजे ती म्हातारी एसटी स्क्रॅपलाच जाणार, रस्त्यावर घर म्हणून फिरणार नाही. राज्याचं 2021 चं कॅरॅव्हॅन (राहायची सोय असलेल्या गाड्यांचं) धोरण आहे, पण ते पर्यटनासाठी. आणि टाकी रिकामी करायला डम्प स्टेशन आपल्या हायवेवर मी तरी कुठे बघितलेलं नाही, म्हणजे ते सगळं शेवटी ओढ्यातच जाणार ना?

तेव्हा पुढच्या लेखात एक चौकट टाका, पाणी कुठून भरतात, संडास कुठे रिकामा करतात, आरटीओ काय म्हणतं. माहिती हवी असेल तर मुलाशी गाठ घालून देते, संडास या विषयावर तो तासभर सहज बोलतो.

आपली,
एक वाचक, मुंबई