'नाही' म्हणणाऱ्या मुलाचे पुढे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला 'मुलांना नाही म्हणायला शिकवा' हा लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसणार होते, पण राग निवळू द्यावा म्हणून सोमवार जाऊ दिला. निवळलेला नाही, तेव्हा लिहिते.

लेख वाईट आहे असे मी म्हणत नाही. चौकटीतल्या पाच युक्त्या तर इतक्या सुबक की कापून फ्रिजवर लावाव्यात. आमच्या सूनबाईंनी लावल्याही. आरशासमोर उभे राहून दहा वेळा 'नाही' म्हणायचे, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे, आवाज ठाम ठेवायचा. आता नऊ वर्षांच्या पोराने डोळ्यांत बघून ठाम आवाजात 'नाही' म्हटले तर आपल्या घरांत त्याला काय म्हणतात, हे लेखिकाबाईंना ठाऊक नसेल असे वाटत नाही. पाहुण्या काकूंसमोर 'गाणं म्हणून दाखव' असा हुकूम सुटतो, तेव्हा हे आरशातले 'नाही' एकदा वापरून बघा म्हणावे.

माझे दुखणे मात्र वेगळे आहे. माझा नातू 'नाही' म्हणाला होता. कुठल्याही चौकटीशिवाय.

नातू चौथीत आहे. शाळेच्या रिक्षात नऊ मुले. (कायद्याने किती बसवायची ते रिक्षावाल्या काकांना माहीत आहे आणि वाहतूक पोलिसांनाही. तो विषय आज नको.) जुलैत सहावीतली दोन मुले गोड सुपारीच्या पुड्या आणायला लागली. चमचमती पुडी, गुलाबाचा वास, किंमत दोन रुपये. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला केंद्राच्या २००३ च्या कायद्याने मनाई आहे, हे सगळे मला पाठ आहे. टपरीवाल्याला माझ्याहून जास्त पाठ आहे. मी विचारले तर म्हणाला, "तंबाखू नाही हो बाई यात, मुखवास आहे." नुसती सुपारीही कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच सांगून ठेवले आहे. पण मला ते पुस्तकातून कळायची गरज नव्हती. माझा एक जुना विद्यार्थी, आज जेमतेम पस्तिशीचा, वाटेत भेटला की हात जोडतो आणि दात न दाखवता हसतो. मला ते संकोचाचे हसू वाटायचे. त्याच्या आईने सांगितले, तोंडच उघडत नाही, दोन बोटे कशीबशी जातात. भाकरी दुधात कुस्करून खातो. सुरुवात सुपारीच्याच पुडीने झाली होती, मधल्या सुट्टीत, सगळे खातात म्हणून.

तर नातू म्हणाला, "मला नको." झाले. 'भित्री भागूबाई' सुरू झाले, मग 'आजीचं बाळ', मग रिक्षात त्याच्या शेजारी कुणी बसेना. खेळात त्याला घेत नसत, घेतलेच तर राज्य त्याच्यावरच. तीन आठवडे हे चालले आणि घरी आम्हाला पत्ता नाही. पोट दुखते म्हणून शाळा बुडवायला लागला तेव्हा कळले.

मी शाळेत गेले. स्वतः एकतीस वर्षे शिकवले आहे, तेव्हा कुणाशी कसे बोलायचे ते मला समजते. वर्गशिक्षिका तरुण, बोलायला गोड. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आजी, तो जरा मिसळत नाही. तुम्ही घरी थोडं अ‍ॅडजस्ट करायला शिकवा ना." सहावीच्या त्या दोघांचे दप्तर कुणी तपासले का? नाही. आणि पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींखाली काय यावे? 'सुधारणा आवश्यक: समूहात मिसळणे.'

मी ती ओळ चष्मा पुसून दोनदा वाचली. म्हणजे समूहाने पुडी पुढे केली, पोराने नाकारली, आणि सुधारणा पोरात आवश्यक.

आता तुमच्या लेखाकडे येते. लेखिकाबाईंनी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशचा १९५१ सालचा रेघांचा प्रयोग सांगितला आहे. आधीच पढवून ठेवलेले सगळे जण आखूड रेघेला लांब रेघेएवढीच म्हणायला लागले की पढवून न ठेवलेला एकटा माणूसही डोळ्यांना दिसते ते सोडून त्यांच्यासारखेच म्हणतो, चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली वगैरे. बरोबर आहे. बी.एड.ला आम्हीही तो घोकला होता. पण बाईंनी तो अर्धाच सांगितला. ही माणसे महाविद्यालयातली होती, मिसरूड फुटलेली, आणि त्यांना कुणी भागूबाई म्हणत नव्हते. दुसरे म्हणजे, अ‍ॅशने नंतर एक फरक केला. पढवलेल्यांपैकी एकालाच खरे उत्तर द्यायला सांगितले. फक्त एकाला. तेवढ्याने चुकीच्या उत्तरांचे प्रमाण आधीच्या पाव हिश्श्यावर आले. उरलेले सगळे तसेच खोटे बोलत होते, तरीही. हा भाग तुमच्या पानावर का नाही? चौकटीत बसत नव्हता?

आमच्या रिक्षातही हेच घडले. तिसरीतली एक चिमुरडी आहे, दोन वेण्यांची. ऑगस्टमध्ये एके दिवशी पुडी तिच्यापुढे आली आणि ती म्हणाली, "मला पण नको." काही धैर्यबिर्य नाही हो. तिचा दात हलत होता, सुपारी चावता आली नसती. पण 'पण' म्हणाली ना! नातू त्या दिवशी घरी आला आणि दप्तर ठेवायच्या आधी मला सांगितले, "आजी, आज आम्ही दोघं नको म्हणालो." 'दोघं' वर केवढा जोर! पुढच्या आठवड्यात रिक्षातले आणखी एक पोर त्यांच्यात आले. पुड्या बंद झाल्या असे नाही, पण पोटदुखी थांबली.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की आरशासमोर एकट्याला उभे करू नका. जो 'नाही' म्हणतो त्याच्या शेजारी सरकून बसायला बाकीच्यांना शिकवा. ते सोपे आहे, तिसरीतल्या पोरीलाही जमते. शिक्षकांना जमेल का, ते सांगता येत नाही.

हे लिहिताना एक गोष्ट टोचते आहे, ती लपवत नाही. 'सगळ्यांची बोटं वर आहेत, तुझं एकट्याचंच का खाली?' हे वाक्य मी एकतीस वर्षांत किती वेळा म्हटले असेन, देव जाणे. आणि 'मिसळत नाही' अशा नोंदीही केल्या आहेत. रजिस्टर संध्याकाळी पाचच्या आत द्यायचे असते, साठ मुले असतात, हाताला सापडेल ते वाक्य माणूस लिहितो. तेव्हा त्या तरुण बाईंवर मी जितकी चिडले आहे तितका मला अधिकार नाही, असे सूनबाईंचे म्हणणे. असेल.

पण तुम्हाला ती सवलत नाही, संपादक महाशय. ज्या अंकात हा लेख आला त्याच अंकात पाचव्या पानावर अर्धे पान वेलचीची जाहिरात आहे. सोनेरी वर्ख, सूट घातलेला सिनेनट, खाली काहीतरी यशाबिशाबद्दल. ती वेलची कुठल्या पानमसाल्याची थोरली बहीण आहे, हे टपरीवर पुडी घेणाऱ्या सहावीतल्या पोरांनाही कळते. 'सगळेच छापतात' असे तुमचा जाहिरात विभाग म्हणेल. मग त्यांनाही आरशासमोर उभे करा, दहा वेळा.

प्रगतिपुस्तकातल्या नोंदीबद्दल मी मुख्याध्यापकांना अर्ज दिला आहे. 'दिलेली नोंद बदलता येत नाही, पुढच्या सत्रात बघू' असे उत्तर आले, तेही तोंडी. पोचपावती मागितली तर शिपाई शिक्का शोधायला गेला तो आलाच नाही.

जाता जाता: शब्दकोड्याच्या चौकोनांचा आकार तुम्ही गेल्या महिन्यापासून कमी केला आहे. त्यात जोडाक्षर मावत नाही. याबद्दल आधी पाठवलेले पत्र छापले नाहीत, आणि चौकोनही मोठे केले नाहीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली