लॉजची जुनी दप्तरे आता खुली व्हावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्रीमेसन ही गुप्त विधी पाळणारी जुनी बंधुसंघटना ('मेसन' म्हणजे गवंडी) आणि लॉज म्हणजे तिची शाखा. या लॉजविषयी आपल्या अंकात आलेली वाचकपत्रे वाचली. कुणाला ती जगाची सूत्रे हलवणारी टोळी वाटते, कुणाला निवृत्त साहेबांचा क्लब. माझे आजोबा एका लॉजचे सभासद होते, म्हणून लिहावेसे वाटले.

आजोबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत पांढऱ्या कातड्याचा एप्रन सापडला. कडेने आभाळी निळी पट्टी, मधे निळ्या रिबिनीची तीन फुले. वर्षानुवर्षे एकाच रेषेवर घडी पडल्याने कातडे तिथे तडकले होते. आजी म्हणाली, "महिन्यातून एकदा हे बॅगेत घालून जायचे. तिथे काय करता विचारलं की नुसते हसायचे." तिला शेवटपर्यंत उत्तर मिळाले नाही. बायकांना तिथे सभासदत्व नव्हते, आपल्याकडच्या ग्रँड लॉजमध्ये, म्हणजे सगळ्या लॉजवरच्या मध्यवर्ती संस्थेत, ते आजही नाही. याचा मला राग आहे.

खरे तर लपवण्यासारखे फारसे उरलेलेच नाही. १७१७ मध्ये लंडनच्या चार लॉजनी मिळून पहिली ग्रँड लॉज काढली आणि १७३० मध्ये तिथले विधी, खुणा, परवलीचे शब्द लंडनमध्येच छापून विकले गेले. चिन्हे तर आपल्या गवंड्याच्या पिशवीतली: गुण्या, ओळंबा, पाणसळ, थापी. त्यांवरून सरळ वागण्याचे धडे द्यायचे, एवढेच.

मग शहाणीसुरती माणसे तिथे का जात? मला याचे उत्तर माणेकजी करसेटजींच्या हकिकतीत सापडते. मुंबईतल्या युरोपियनांच्या लॉजने या पारशी गृहस्थांना घेतले नाही. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. पुढे १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज निघाली, ती हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणूनच. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही, ईश्वर मानायचा, मग तो कोणत्याही नावाचा असो. ज्या काळात साहेब आणि नेटिव्ह एका मेजावर बसत नसत, त्या काळात बंद दाराआड का होईना, एकमेकांना 'ब्रदर' म्हणणे ही मोठीच गोष्ट होती.

त्याच मुंबईत १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी जातिभेद मोडण्यासाठी परमहंस मंडळी स्थापन केली. तीही गुप्तच. नव्या सभासदाला ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावा लागे, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावे बाहेर आली आणि मंडळी मोडली. जातीच्या भीतीपोटी दार लावले, पण ते उघडून बाहेर यायचे धैर्य झाले नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला, तो मात्र उघड्यावर.

गुप्ततेत कीडही लागते. इटलीत १९८१ मध्ये 'पी-टू' लॉजची ९६२ नावांची यादी पोलिसांच्या हाती लागली, त्यात मंत्री होते, सेनाधिकारी होते. सरकार पडले आणि पुढच्याच वर्षी तिथे गुप्त संघटनांवर बंदीचा कायदा झाला. आपल्याकडच्या लॉज तशा आहेत असे मी म्हणत नाही. पण दार लावून बसणाऱ्यांवर संशय घेतला तर लोकांना दोष कसा द्यावा?

म्हणून जुन्या लॉजच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे. निदान १९४७ पर्यंतची इतिवृत्ते आणि हजेरीपुस्तके अभ्यासकांना पाहू द्यावीत. कोण कोणाशेजारी बसले, कोणाला नाकारले, धर्मादाय पैसा कुठे गेला, हे सारे आपल्या शहरांच्या इतिहासाचा भाग आहे आणि ते कागद वाळवीच्या तोंडी जाऊ नयेत. आजोबांचा एप्रन त्यांच्या संग्रहाला द्यायला मी तयार आहे. त्यांच्या दीक्षेच्या दिवसाची नोंद तेवढी मला आणि माझ्या आईला पाहायला मिळावी.

आपली,
एक वाचक, पुणे