खोलीकडे बघ

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, लूमच्या खडखडाटात तुमचे कान गेले, फोनवर माझं निम्मं बोलणं पोचत नाही. म्हणून लिहितेय. दिवाळीत तुम्ही विचारलंत, "पोरी, तू नेमकं करतेस तरी काय?" आणि मी "चिपचं काम" एवढंच म्हणाले. ते मनाला लागून राहिलंय.

चिप जिच्यातून बनते त्या सिलिकॉनच्या चकतीवर मी चर कोरते. केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतके बारीक. तिथे हत्यार चालत नाही, वायू लागतो. बंद भांड्यातली जवळपास सगळी हवा काढायची, फ्लोरीन असलेला वायू जरासा सोडायचा आणि सेकंदाला 1 कोटी 35 लाख 60 हजार वेळा उलटसुलट होणारी वीज द्यायची. इलेक्ट्रॉन सुटतात, भांडं उजळतं. हाच प्लाझ्मा, हे नाव 1928 साली लँगम्युर या शास्त्रज्ञाने दिलं. नुसता फ्लोरीन सिलिकॉनला चहूबाजूंनी खातो, चराच्या कडाही पोखरतो. पण हलके इलेक्ट्रॉन आधी पळतात आणि मागे उरलेले धन आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले कण, चकतीकडे सरळ खाली खेचले जातात. त्यांचा मारा तळावर बसतो, म्हणून चर उभा उतरतो. कुठे कोरायचं ते चकतीवरचा मुखवटा, म्हणजे जागोजागी उघडा ठेवलेला झाकणाचा थर, ठरवतो; तुमच्या नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्यातली भोकं कुठला धागा उचलायचा ते ठरवायची, तसंच.

मागच्या वर्षी चार महिने काम अडलं. रोज सकाळची पहिली चकती बिघडायची. दुपारी तोच वायू, तोच दाब, तीच वीज, आणि चर अगदी हवा तसा! पंप तपासले, नळ्या बदलल्या. आई, रडलेही, तुला सांगितलं नव्हतं.

एकदा भांड्याची काच पुसताना बोटाला थर लागला आणि सोलापूरचा मे आठवला. सूत सारखं तुटायचं. बाकीचे लूम खोलून बसायचे, तुम्ही मात्र बादलीने फरशीवर पाणी मारायचात. "लूमला काय बघतेस? खोलीकडे बघ, हवा कोरडी पडलीय."

भांड्याच्या भिंतीवर कसला थर आहे, त्यावर फ्लोरीनचे किती अणू टिकतात ते ठरतं. रात्री भांडं साफ केलं की सकाळी भिंती कोऱ्या. आता भिंतींवर थर बसावा म्हणून आधी दोन-तीन टाकाऊ चकत्या कोरते, मग खरं काम. या क्षेत्रात हे जुनंच ज्ञान, मीही वाचलेलं होतं. पण ऐन वेळी हाताशी आली ती तुमची बादली.

गड्ड्याच्या जत्रेला येतेय, उद्यान एक्स्प्रेसने. आई, शेंगाचटणी जाडसर कुटून ठेव. आणि बाबा, या वेळी कानाच्या डॉक्टरांकडे जायचंच, मी नंबर लावून ठेवलाय.

तुमची लेक