अनोळखी सॉफ्टवेअर काढण्याआधी त्याचा माग काढा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की लातूर, नांदेड, परभणीकडे घरोघरी कॉम्प्युटरवर धांदल उडते. फोटो ५० केबीत बसवायचा, सही लहान करायची. त्यासाठी मुले समोर दिसेल ते मोफत सॉफ्टवेअर उतरवतात आणि चार दिवसांनी कुणीच न टाकलेला भलताच प्रोग्रॅम दिसू लागतो. घरचे तो लगेच अनइन्स्टॉल करतात. ही घाई नडते. ज्याने तो आणला, ते सॉफ्टवेअर मशीनमध्येच राहते आणि तो पुन्हा येतो.

आधी विंडोजच्या कंट्रोल पॅनलमधील 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स'मध्ये 'इन्स्टॉल्ड ऑन'वर क्लिक करावे. यादी तारखेनुसार लागते. त्याच दिवशी सोबत काय आले ते पाहावे. मूळ बहुधा तिथेच सापडते. मात्र प्रोग्रॅम अपडेट झाला की ही तारीख बदलू शकते. म्हणून टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत तो असेल तर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' घ्यावे आणि फोल्डर कधी तयार झाला ते प्रॉपर्टीजमध्ये ताडून पाहावे.

मग ब्राउझरमध्ये कंट्रोल-जे दाबून त्या दिवशीचे डाउनलोड बघावेत. सेटअप फाइल शिल्लक असेल तर फारच उत्तम. तिच्या फोल्डरच्या ॲड्रेस बारमध्ये सीएमडी टाइप करून एंटर दाबावे. उघडलेल्या काळ्या खिडकीत इंग्रजीत मोअर (more), पुढे < हे 'लेस दॅन' चिन्ह, मग दुहेरी अवतरणात फाइलचे एक्स्टेन्शनसह (.exe वगैरे) पूर्ण नाव, त्याला लागूनच : आणि झोन.आयडेंटिफायर (Zone.Identifier) असे टाइप करून एंटर दाबावे. 'होस्ट यूआरएल'ची ओळ आली तर फाइल कुठून उतरली तो पत्ताच हाती लागतो. अनेकदा तो मूळ कंपनीचा नसतोच. ही नोंद एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल साठवण्याची पद्धत) डिस्कवरच टिकते, फॅट३२ या जुन्या पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर नाही. म्हणून ती नसेल तर झेरॉक्स सेंटरवरून आणलेला पेन ड्राइव्ह आधी आठवावा.

सापडलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला आपला कॉम्प्युटर चालवू देणारा असेल, तर पहिल्यांदा इंटरनेट बंद करावे. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा.

फोटो लहान करायला विंडोजमधले पेंट पुरते: 'रिसाइझ'मध्ये पिक्सेल कमी करून जेपीईजी म्हणून सेव्ह करावे. महाविद्यालयांनी एवढी कृती प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापावी, ही कळकळीची विनंती.

– संगणक दुरुस्ती व्यावसायिक, परभणी