कर्जफेडीच्या वहीत वर्षाच्या खर्चालाही जागा हवी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर शेअर बाजार, म्युच्युअल फंड आणि निवृत्तीनंतरची तरतूद यांविषयी नियमित आणि वाचनीय लेखन येत असते. मात्र ज्या घरांत महिन्याच्या दहा तारखेपर्यंत निम्मा पगार हप्त्यांतच जातो आणि वीस तारखेनंतरचा किराणा क्रेडिट कार्डावर भरला जातो, त्या घरांनी काय करावे, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. पगारदार नोकरांच्या एका सहकारी पतसंस्थेत मानद खजिनदार म्हणून मी बरीच वर्षे काम पाहिले. कर्जाच्या अर्जाबरोबर पगारपत्रक येते, जामीनदार येतात आणि थोडे बोलते केले की घरची सगळी ओढाताणही समोर येते. त्या अनुभवातून एक गोष्ट मला वारंवार दिसली, ती आपल्या वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा पत्रप्रपंच.

कर्ज फेडण्याचा निश्चय केलेली कुटुंबे महिन्याचा हिशेब बहुधा चांगला ठेवतात. दूध, भाजी, वीजबिल, रिक्षा, सोसायटीची वर्गणी हे सारे त्यांच्या वहीत असते. नसतो तो वर्षातून एकदाच येणारा खर्च. जूनमधली शाळेची फी, गणपतीला गावी जाणे, दिवाळी आणि भाऊबीज, दुचाकीचा विमा, लग्नसराईतला आहेर हे खर्च दरवर्षी ठरल्या वेळी येतात, तरीही प्रत्येक वेळी ते अचानक आल्यासारखे अंगावर घेतले जातात आणि चार-सहा महिने पोटाला चिमटा काढून कमी केलेले कर्ज एका आठवड्यात पुन्हा होते तेवढे होते. माझ्या मते घरगुती कर्ज न फिटण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. चहा आणि वडापाव बंद करण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला म्हणूनच अपुरा आणि कष्टकरी माणसावर काहीसा अन्याय करणारा वाटतो.

एका कुटुंबाचे उदाहरण, त्यांच्या संमतीने आणि नाव न देता, सांगतो. पती एका कारखान्यात स्टोअरमध्ये आहेत, हातात ३४,००० रुपये येतात. पत्नी घरी ब्लाऊज आणि फॉल-पिकोचे काम करतात, त्यातून महिन्याला सहा-सात हजार मिळतात. दोन मुले शाळेत. दुचाकीचा हप्ता, एका वैयक्तिक कर्जाचा हप्ता आणि त्यावर क्रेडिट कार्डाची ६०,००० रुपयांची थकबाकी. कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तेवढी रक्कम ते दरमहा न चुकता भरत होते आणि आपण कर्ज फेडत आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

तो हिशेब आम्ही कागदावर मांडला. थकबाकी ६०,०००, व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे २,१०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३७८ रुपये. किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे ३,००० रुपये. या तीन हजारांतून व्याज आणि कर वजा केल्यावर मुद्दलात जमा झाले अवघे ५२२ रुपये. याच गतीने, कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी न करता, निम्मे कर्ज फिटायला साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागला असता. शिवाय बिल पूर्ण भरलेले नसेल, तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. तिच्यावर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागते. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड लांबत जाईल, ही सूचना बिलावर ठळकपणे छापावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि ती छापलेलीही असते. परंतु ५२२ हा आकडा स्वतःच्या हाताने लिहिल्यावर त्या वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या सूचनेने जे साधले नव्हते, ते त्या एका वजाबाकीने साधले.

त्यानंतर तीन महिने त्यांनी रोजचा खर्च लिहिला. वही मुलांच्या दप्तरातलीच होती. रात्री जेवणे झाली की दोघांनी मोबाइल उघडून दिवसभराचे यूपीआयचे व्यवहार वाचायचे, रोख खर्च आठवायचा आणि लिहायचा, एवढाच नियम. क्यूआर कोडवर दिलेले पैसे हाताला जाणवत नाहीत, त्यामुळे लिहिण्याचा हा नियम आज पूर्वीपेक्षा अधिक गरजेचा झाला आहे. खर्चावर कोणी कोणाला जाब विचारायचा नाही, असेही त्यांनी ठरवले होते आणि ते मला फार शहाणपणाचे वाटले. कारण ज्या घरात वही भांडणाचे निमित्त होते, तिथे दुसऱ्या आठवड्यापासून नोंदी खोट्या होऊ लागतात.

वहीतून जे निघाले, ते असे. घरच्या शिवणकामाच्या उत्पन्नातले सुमारे ३,५०० रुपये कोणत्याही ठरलेल्या कामाला न लागता खर्च होत होते. बाहेरून जेवण मागवण्यात १,८०० रुपये जात होते. न बघितल्या जाणाऱ्या वाहिन्या आणि जादा रिचार्ज यांत ७०० रुपये. आणि महिन्याचे वाणसामान एकदम यादी करून भरण्याऐवजी अर्धा किलो, पाव किलो असे कोपऱ्यावरच्या दुकानातून आणल्यामुळे अंदाजे १,५०० रुपये जास्त जात होते. एकूण ७,५०० रुपये. एवढी रक्कम सुटल्यावर कोणालाही वाटेल की ती सगळी कार्डावर भरावी. त्यांनाही तसेच वाटले, आणि माझा आग्रह इथेच वेगळा होता.

मी त्यांना मागच्या वर्षातले एकवार येणारे खर्च आठवून लिहायला सांगितले. शाळेची फी, पुस्तके आणि गणवेश २०,०००. गणपतीला कोकणात जाणे-येणे आणि गावचा खर्च ८,०००. दिवाळी १३,०००. दुचाकीचा विमा आणि दुरुस्ती ५,०००. आहेर, वाढदिवस आणि किरकोळ दुखणी ८,०००. बेरीज ५४,०००, बाराने भागले की दरमहा ४,५००. ही रक्कम आजवर कुठल्याच महिन्याच्या अंदाजात धरलेली नव्हती, म्हणून ती दरवर्षी कार्डावर जात होती. कार्डाची थकबाकी चैनीतून झाली नव्हती, तर शाळा, सण आणि नातेवाईक यांच्या खर्चातून साचलेली होती. हे कळल्यावर त्या दोघांच्या मनातली अपराधी भावना कमी झाली, याचे मोल पैशाइतकेच मला वाटते.

मग वाटणी अशी केली: पगाराच्या दुसऱ्या दिवशी ४,५०० रुपये पत्नीच्या नावावरच्या, यूपीआय न जोडलेल्या वेगळ्या बचत खात्यात आणि कार्डाला, आधीच्या तीन हजारांत उरलेले तीन हजार मिळवून, ठाम ६,००० रुपये. किमान रक्कम दरमहा कमी होत जाते, पण आपण भरायची रक्कम कमी करायची नाही, हे पथ्य यात महत्त्वाचे आहे. सहा हजार भरल्यावर पहिल्याच महिन्यात मुद्दलात ३,५२२ रुपये जमा होतात आणि चौदाव्या महिन्यात थकबाकी संपते. वर्षाच्या खर्चाचे पैसे बाजूला न ठेवता साडेसात हजारांची सगळी वाढ कार्डावर भरली असती, तर कागदावर ती आणखी लवकर संपली असती, हे खरे. परंतु मध्ये जून आला असता, आणि वीस हजारांसाठी तेच कार्ड पुन्हा बाहेर निघाले असते.

आमच्या पतसंस्थेतून कमी व्याजाचे कर्ज काढून कार्ड एकदम फेडावे, असाही पर्याय असतो आणि तो चुकीचा नाही. परंतु मी पाहिलेल्या अनेक प्रकरणांत कार्ड फिटले, ते बंद मात्र केले गेले नाही, आणि वर्षा-दीड वर्षात पतसंस्थेची पगारकपात व कार्डाची नवी थकबाकी अशी दोन्ही ओझी एकाच पगारावर आली. वर्षाच्या खर्चाची सोय आधी लागली असेल, तरच असे कर्ज घ्यावे. भिशीबाबतही तसेच म्हणता येईल. भिशी लागली की ती रक्कम कुठे जाणार, हे आधी ठरलेले असेल तर भिशी उपयोगी आहे. एरवी तिचे पैसे हाती येताच टीव्ही बदलला जातो. दिवाळीच्या बोनसचेही तेच.

नवे कर्ज घेण्याची वेळच आली, तर व्याजदर सांगण्याची रीत नीट तपासावी. ‘बारा टक्के फ्लॅट’, म्हणजे हप्ते भरत गेले तरी व्याज शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच, असे सांगून दिलेल्या एक लाखाच्या तीन वर्षांच्या कर्जाला दरमहा सुमारे ३,७७८ रुपये हप्ता बसतो. घटत्या मुद्दलावर हिशेब केला, तर तोच दर एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँका आणि बिगरबँक वित्तीय कंपन्यांनी सर्व आकार धरून प्रत्यक्ष वार्षिक दर दाखवणारे पत्रक कर्जदाराला देणे बंधनकारक आहे, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. महाराष्ट्रात हे पत्रक मराठीत मागणे हा कर्जदाराचा हक्क आहे. मागणारेच नसतील, तर ते इंग्रजीतच येत राहणार. सही करण्यापूर्वी ते मागून घ्यावे आणि घरी नेऊन वाचावे.

ज्यांचे गृहकर्ज चालू आहे, त्यांच्यासाठी थोडेसे. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर आला. अशा वेळी हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो, पण झेपत असेल तर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घ्यावी. व्यक्तींना दिलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ सालीच मनाई केली आहे, त्यामुळे हाती आलेली जादा रक्कम थोडी थोडी भरता येते. मात्र कार्डाची थकबाकी शिल्लक असताना गृहकर्ज आधी फेडण्याची घाई करू नये. वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक व्याजाचे कर्ज तसेच ठेवून आठ-नऊ टक्क्यांचे फेडण्यात घराचे नुकसान आहे. घर आपल्या नावावर लवकर व्हावे, ही भावना मी समजू शकतो, तरीही हिशेब हेच सांगतो.

आणखी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. अनेक घरांत कर्जाचा खरा आकडा एकालाच ठाऊक असतो, बहुधा पतीला. पत्नीला हप्ते माहीत असतात, थकबाकी माहीत नसते. अशा घरात काटकसर एकाची आणि खर्च दुसऱ्याचा असे होऊन दोघेही दुखावले जातात. वर उल्लेख केलेल्या कुटुंबात तर आठवीतल्या मुलीलाही वर्षाच्या खर्चाची यादी दाखवली होती, आणि सहलीचे पैसे त्या यादीत आधीच लिहावेत, असे तिनेच सुचवले. मुलांना धाक घालण्यासाठी कर्जाचा उल्लेख करणे वेगळे आणि त्यांना हिशेबात घेणे वेगळे. यातील दुसरी गोष्ट घराघरांत व्हावी, असे मला मनापासून वाटते.

आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी, की एप्रिल महिन्यात, म्हणजे शाळा सुरू होण्याच्या आधी, एक पान या विषयासाठी द्यावे. त्यात वर्षभराच्या खर्चाची कोरी यादी महिन्यावार छापावी, त्याखाली बेरजेची आणि बाराने भागण्याची जागा सोडावी, आणि शेजारी प्रत्येक कर्जाची थकबाकी, व्याजदर आणि हप्ता लिहिण्यासाठी रकाने द्यावेत. कापून भिंतीवर किंवा कपाटाच्या दारावर चिकटवता येईल एवढ्या आकारात ते असावे. हे पान तयार करण्यात माझी मदत होणार असेल, तर मी ती आनंदाने करीन.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
(निवृत्त मानद खजिनदार, पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था)
चिंचवड, पुणे