जुनी बॅटरी घेण्याआधी

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, वॅगनआरला जुनी बॅटरी बघताय असं आई फोनवर म्हणाली. घ्यायला हरकत नाही. पण 'गाडी फिरतेच किती, जुनी चालून जाईल' हा हिशेब उलटा आहे. उभ्या गाडीत बॅटरी आपोआप उतरते, आपल्याकडच्या उन्हात जास्तच. अर्धी उतरून तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो, आणि तो पुढे कितीही चार्जिंग केलं तरी सुटत नाही. बाजारात येणाऱ्या बऱ्याच जुन्या बॅटऱ्या अशाच पडून राहिलेल्या असू शकतात.

आधी दोष बॅटरीचाच आहे ना, हे बघा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन्ही पोलांवर, म्हणजे वायरी लागतात त्या टोकांवर, मल्टिमीटर धरला की १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १२.५ च्या आसपास राहून खाली येत असतील तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याचा पट्टा बघा. कुठलीही बॅटरी घातली तरी ती उतरणारच. १५ च्या वर गेले तर चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तो नवी बॅटरीसुद्धा उकळून टाकेल. पोलांवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर कधी कधी तेवढं साफ केलं तरी काम भागतं.

आता माप. आपल्या पेट्रोल गाडीला ३५ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) लागते. जुन्या डब्यावर ३८बी२० असं काही छापलेलं असेल, त्यातला २० हा आकडा लांबीचा, साधारण २० सेंटीमीटर. रुंदी १३ च्या आत. डिन ४४ प्रकारची बॅटरी साडेसतरा सेंटीमीटर रुंद असते, ती आपल्या ट्रेमध्ये बसणार नाही. एएच थोडे जास्त असले तर अल्टरनेटरला काही होत नाही, कमी मात्र घेऊ नका. पुढचं एल किंवा आर हे अक्षर अधिकचा पोल कुठल्या बाजूला ते सांगतं. त्या अक्षरावर विसंबू नका: दोन्ही बॅटऱ्या पोल आपल्याकडे करून शेजारी ठेवा आणि अधिकची खूण एकाच बाजूला येते का ते डोळ्यांनी बघा. बाजू चुकली की वायर ताणून, उलटसुलट लावायचा मोह होतो. उलट लागली तर फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. पोलाची जाडीही बघा. बारीक पोलावर सैल क्लॅम्प पत्र्याची पट्टी घालून बसवतात, तिथं सेल्फ मारताना गरम होतं आणि व्होल्टेज पडतं.

दुकानात ती थेट चार्जरवरून काढून दाखवतील, मीटर १३ दाखवेल आणि 'भाऊ, एकदम नवी शे' हेही ऐकायला मिळेल. तो आकडा वरवरचा. तीच बॅटरी जोडून हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. सारखी १०.५ च्या आसपासच राहत असेल तर सहातला एक सेल गेलेला, ती उचलूच नका. झाकणं उघडणारी असेल तर हायड्रोमीटरनं (ॲसिडचा दाटपणा मोजायच्या नळीनं) सहाही सेल बघा. भरलेल्या बॅटरीत १.२६० च्या जवळपास यायला हवं, आणि सेलांमध्ये ०.०३० पेक्षा जास्त फरक नको. इथंच मोठी लबाडी होते: आत नवं ॲसिड ओततात, आकडा झकास येतो, प्लेटा मात्र मेलेल्याच. ती फक्त लोडवर, म्हणजे बॅटरीवर जोर पडल्यावर, पकडली जाते. सेल्फ मारताना पोलांवर मीटर धरून बघा, ९.६ च्या खाली गेली की नको. मिनिटभर थांबून दोनदा परत मारा. आई, हे आकडे तू कागदावर लिहीत जा, बाबा 'ठीक आहे रे' म्हणून मोकळे होतात.

अजून एक. मे महिन्यातली परीक्षा खोटी असते. उष्णतेनं बॅटरीत जोर दिसतो, ४४-४५ अंशांत कमजोर बॅटरीसुद्धा इंजिन फिरवते. डिसेंबरच्या पहाटे तीच टिकटिक करून गप्प बसते. म्हणून उन्हाळ्यात घेतली तर ९.६ वर समाधान मानू नका, १०.५ च्या वर धरा.

डबा फुगलेला, झाकणाच्या कडेला नव्यानं गोंद, पोल वितळवून पुन्हा ओतल्यासारखे किंवा नंबर खरवडलेला, यातलं काहीही दिसलं तर पुढे जा. तारखेसाठी मूळ वॉरंटी कार्ड मागा. दीड वर्षापेक्षा जुनी नको. वरचा हिरवा डोळा (चार्ज दाखवणारी काच) एकाच सेलची हालत सांगतो, बाकीच्या पाचांची नाही. किंमत नव्याच्या चाळीस टक्क्यांवर गेली की मी म्हणेन नवीच घ्या. आपली जुनी तिथं फुकट सोडू नका, शिशाच्या भावानं तिचे पैसे वळते करून घ्या. शेतातल्या झटका मशीनला (कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या) घालायची असेल तर तेही चालेल, जोवर ती १२ व्होल्ट धरते.

काढताना आधी उणे, मग अधिक. लावताना आधी अधिक, मग उणे. १० चा पाना अधिकवर असताना बॉडीला टेकला तर शॉर्ट होऊन ठिणगी पडते, म्हणून हा क्रम. पूड कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नका. जवळ बिडी नको, आत हायड्रोजन असतो. वरची पट्टी घट्ट करा, नाहीतर आपल्या रस्त्यांवर हादरून प्लेटा झडतात. पाणी कमी वाटलं तर फक्त डिस्टिल वॉटर, बोअरचं नाही. आणि दर आठवड्याला गाडी अर्धा तास रस्त्यावर चालवा, अंगणात नुसती चालू ठेवून फारसं काही भरत नाही.

पैसे द्यायच्या आधी डब्याचा आणि आईच्या कागदाचा फोटो मला पाठवा.

तुमची,
लेक