टी टाइम ‘कन्फर्म’ होता, फक्त यादीत नाव नव्हते

पुणे, 16 जून 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(कंपनीचे नाव व पत्ता पाकिटावर आहे.)

विषय : 17 ते 30 मे 2025 च्या अमेरिका गोल्फ सहलीत पेबल बीच मैदानावरचा खेळ न मिळाल्याबद्दल तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीला मी या आधी दोन ईमेल पाठवले आणि सहा फोन केले. ईमेलला ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे छापील उत्तर आले. फोनवर दर वेळी नवा माणूस भेटला आणि दर वेळी मला सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. म्हणून आता हे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवत आहे. निदान एकदा तरी कोणीतरी शेवटपर्यंत वाचेल, अशी आशा आहे.

आम्ही चौघे. मी निवृत्त अभियंता, एक डॉक्टर, एक वकील आणि माझे मेव्हणे. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर शनिवार सकाळचा आमचा चौघांचा खेळ, म्हणजे फोरबॉल, गेली बावीस वर्षे ठरलेला आहे. चौघांची वये मिळून 267 होतात आणि हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत, मिळून 81. थोडक्यात, आम्ही कोणी मोठे खेळाडू नाही. अमेरिकेतली नावाजलेली मैदाने एकदा पायाखालून घालावीत, एवढीच हौस होती. त्यासाठी आपल्या कंपनीला माणशी 9 लाख 40 हजार रुपये दिले, वर जीएसटी आणि टीसीएस हे कर वेगळे.

आपल्या माहितीपत्रकात चार मैदाने होती : न्यूयॉर्कजवळचे बेथपेज ब्लॅक, नॉर्थ कॅरोलिनातले पाइनहर्स्ट नंबर टू, फ्लोरिडातले टीपीसी सॉग्रास आणि शेवटी कॅलिफोर्नियातले पेबल बीच. पेबल बीचपुढे कंसात ‘टी टाइम कन्फर्म’, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ पक्की, असे लिहिले होते. पैसे भरण्याआधी मी आपल्या कार्यालयात येऊन हे पुन्हा विचारले होते. काउंटरवरच्या मुलाने सांगितले, “काका, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. पेबल बीच म्हणजे आमचा हातखंडा आहे.” तो मुलगा बोलायला गोड होता. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जे पढवले होते तेच तो बोलला.

आता बेथपेजपासून सुरुवात करतो. ते मुख्य तक्रारीत बसत नाही, पण पुढच्या प्रकाराची झलक तिथेच मिळाली होती.

बेथपेज ब्लॅक हे न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी उद्यानातले मैदान आहे. 1936 साली सुरू झाले. 2002 साली तिथे यूएस ओपन ही मोठी गोल्फ स्पर्धा झाली, तेव्हा सरकारी मालकीच्या मैदानावर ती स्पर्धा होण्याची ती पहिलीच वेळ होती. पहिल्या टीजवळ, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, पाटी आहे : हा कोर्स अत्यंत अवघड आहे, फक्त अतिशय तरबेज खेळाडूंनीच खेळावा, असे त्यात बजावले आहे. आम्ही तिच्यासमोर उभे राहून फोटो काढला आणि मग तिच्याकडे साफ दुर्लक्ष केले. त्याची शिक्षा झाली, ती आमची आम्ही भोगली. पण आपल्या माहितीपत्रकात ‘सर्व मैदानांवर गोल्फ कार्ट समाविष्ट’ असे छापले आहे आणि ब्लॅकवर कार्ट, म्हणजे मैदानात फिरायची छोटी गाडी, चालतच नाही. तिथे पायीच खेळायचे असते. ही काही गुप्त बातमी नाही. त्या मैदानाची ओळखच ती आहे. वकीलसाहेबांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला आहे आणि ते बुकिंगच्या फॉर्मवर ‘वैद्यकीय माहिती’ या रकान्यात मी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. चौथ्या होलवर चढण लागते आणि समोर बंकरांची, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांची, रांगच्या रांग दिसते. तिथे ते थांबले, ग्लोव्ह काढला, आणि “तुम्ही व्हा पुढे, मी चहाचं बघतो” म्हणून एकटेच मागे वळले. तिथे चहा मिळत नाही हे त्यांनाही ठाऊक होते.

तरी त्या दिवशी आम्ही कोणी तक्रार केली नाही. सहलीची सुरुवात होती. कुरकुर करणारा म्हातारा व्हायची कोणाचीच तयारी नव्हती.

पाइनहर्स्टबद्दल मात्र मनापासून आभार मानतो. डोनाल्ड रॉसने आखलेला, 1907 सालचा कोर्स. तिथली ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, उपडी घातलेली कढईच. बॉल अगदी मधोमध पडला तर ठीक, जरा इकडेतिकडे पडला की थांबतो, विचार करतो आणि हळूहळू घरंगळत खाली जातो. मेव्हण्यांनी एका होलवर एकाच ग्रीनच्या तीन बाजूंनी चिप, म्हणजे जवळून उचलून मारायचा छोटा फटका, मारली. कॅडी निर्विकार चेहऱ्याने बॅग घेऊन प्रदक्षिणा घालत होता. 2010-11 मध्ये हिरवळीचा मोठा भाग काढून तिथे पुन्हा पूर्वीसारखी वाळू आणि गवताचे झुबके आणले आहेत, त्यामुळे बॉल शोधायला वाकावे लागते आणि सापडल्यावर पश्चात्ताप होतो. अठराव्या ग्रीनमागे गोल्फपटू पेन स्टुअर्टचा पुतळा आहे. एक पाय मागे हवेत, मूठ पुढे. 1999 च्या यूएस ओपनमध्ये याच ग्रीनवर शेवटचा पट (बॉल घरंगळवत होलमध्ये घालायचा फटका) घालून तो जिंकला आणि चारच महिन्यांनी विमान अपघातात गेला. डॉक्टरांनी तिथे टोपी काढली. आम्हीही काढली.

पाइनहर्स्टची राहण्याची सोय आपण त्यांच्याच रिसॉर्टमध्ये केली होती. का केली होती, हे कृपया लक्षात ठेवा. मी पुढे त्यावर येणार आहे.

तिथून फ्लोरिडाला जाताना वाटेत ‘ऑगस्टा अनुभव’ होता. आपल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर ऑगस्टा नॅशनलच्या बाराव्या होलचा दगडी पूल आहे, मागे फुललेली अझेलिया आहे. तो खाजगी क्लब आहे, सभासदाच्या निमंत्रणाशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, हे गोल्फ खेळणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. त्यामुळे आम्ही खेळण्याची अपेक्षा केलीच नव्हती. पण ‘अनुभव’ म्हणजे वॉशिंग्टन रोडवर गाडी हळू करून ड्रायव्हरने “दॅट्स द गेट” म्हणणे, एवढाच असेल असेही वाटले नव्हते. फाटक, पहारेकरी आणि उंच कुंपण. साडेचार मिनिटे. मेव्हणे म्हणाले, “पंढरपूरला कळसाचं दर्शन तरी होतं.”

सॉग्रास व्यवस्थित झाले. सतराव्या होलचे ते पाण्यातले ग्रीन चौघांनीही पाहिले. त्यावर बॉल फक्त एकाचा थांबला, तो वकीलसाहेबांचा. कोर्सच्या बाकीच्या भागासाठी तिथली वाळू उपसून नेली, खड्डा उरला आणि मैदान आखणाऱ्या पीट डायची पत्नी ॲलिस हिने त्यात बेट करायची कल्पना काढली. 137 यार्ड, आखूड लोखंडी क्लबचा शॉट. येरवड्यात आम्ही डोळे मिटून मारतो. पाणी दिसले की हात वेगळेच वागतात. पुण्यात जन्मलेला आपला अनिर्बन लाहिरी 2022 साली याच मैदानावर प्लेयर्स स्पर्धेत एका फटक्याने दुसरा आला होता. त्याच पाण्याशेजारी उभे राहिल्यावर तो दुसरा क्रमांक काय असतो ते कळले.

आता पेबल बीच.

ते मैदान खाजगी नाही. पैसे भरून कोणीही खेळू शकतो आणि ते पैसे साडेसहाशे डॉलरच्या वर आहेत. परंतु आगाऊ टी टाइम मिळतो तो त्यांच्या रिसॉर्टमध्ये उतरणाऱ्याला. बाहेर उतरणाऱ्याने आदल्या दिवशी फोन करायचा आणि काही उरले असेल तर घ्यायचे. रिसॉर्टच्या खोल्या भयंकर महाग आहेत, हे मान्य. आपण आम्हाला मॉन्टेरीतल्या एका हॉटेलात उतरवले. हॉटेल चांगले होते. नाश्त्याला वॉफलचे यंत्र होते. मात्र त्या हॉटेलच्या चावीने पेबल बीचचा टी टाइम उघडत नाही.

28 मेच्या सकाळी सव्वासहाला आम्ही पहिल्या टीपाशी हजर होतो. मैदानाकडे नेणाऱ्या सतरा मैलांच्या रस्त्यावर शिरायला गाडीमागे पैसे द्यावे लागतात, तेही आम्हीच दिले, कारण आपल्या ड्रायव्हरला तशी सूचना नव्हती. दाट धुके होते. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. स्टार्टर, म्हणजे यादी पाहून खेळाडूंना मैदानावर सोडणारे, हे वयस्कर, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी यादीवरून बोट फिरवले. माझे आडनाव विचारले, स्पेलिंग विचारले, परत बोट फिरवले. मग कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मी आपले ‘कन्फर्मेशन व्हाउचर’ पुढे केले. त्यांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचले आणि हळूच म्हणाले की हा कागद तुमच्या टूर कंपनीचा आहे, आमचा नाही.

आपल्या कॅलिफोर्नियातल्या प्रतिनिधीला अकरा वेळा फोन लावला. बाराव्या वेळी उचलला. “बहुधा सिस्टीममध्ये काहीतरी झालंय, सर.”

साडेआठच्या सुमारास त्या स्टार्टरनेच मार्ग काढला. अकरा वीसला तिघांच्या एका गटात एक जागा मोकळी होत होती. एक. आम्ही चार टी, म्हणजे बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या, खिशातून काढल्या, एकीचे टोक मोडले, आणि मेव्हण्यांनी मूठ पुढे केली. मोडकी टी डॉक्टरांना आली. त्यांनी ती वकीलसाहेबांना द्यायचा प्रयत्न केला, वकीलसाहेबांनी ती मला, मी परत डॉक्टरांना. सत्तरीच्या दारात आलेले चार पुरुष एक मोडकी टी एकमेकांच्या हातात कोंबत होते. शेवटी डॉक्टर गेले आणि ग्रीन फी, म्हणजे खेळायचे शुल्क, त्यांनी स्वतःच्या कार्डाने भरली. पावती जोडली आहे.

उरलेले आम्ही तिघे कार्मेलच्या पुळणीवर गेलो. तिथून कड्यावर नववे आणि दहावे होल दिसते. दोनच्या सुमारास धुके विरले आणि वर डॉक्टरांची भगवी टोपी दिसली. आम्ही हात हलवले; त्यांना दिसले नाहीत. टोपी थांबली, जराशी वळली, आणि पुढच्या क्षणी एक बॉल उजवीकडे वाकत वाकत कड्यावरून सुटला आणि आमच्यापासून पन्नासेक पावलांवर ओल्या वाळूत रुतला. मेव्हण्यांनी जाऊन उचलला. त्यावर हिरव्या मार्करने काढलेले दोन ठिपके होते. डॉक्टरांचाच. पेबल बीचच्या खेळातला आमच्या तिघांच्या वाट्याला आलेला भाग तेवढाच. तो बॉल माझ्याकडे आहे. पुरावा म्हणून पाठवत नाही, कारण आपल्याकडून तो परत येईल याची मला खात्री नाही.

आता पाइनहर्स्टवर येतो. नंबर टू खेळायचा तर त्यांच्या रिसॉर्टमध्ये उतरावे लागते, हे आपल्याला माहीत होते. म्हणूनच आपण तिथे उतरवलेत. म्हणजे अशा मैदानांचा खोली आणि टी टाइम यांचा हिशेब आपल्याला नीट समजतो. पेबल बीचलाही तोच हिशेब आहे. तिथे खोल्यांचे पैसे वाचवायचे ठरवलेत आणि आदल्या दिवशी काहीतरी मिळेलच या भरवशावर ‘कन्फर्म’ हा शब्द छापलात. ही सिस्टीमची चूक नाही. आपण पैज लावलीत आणि हरलात, फक्त पैजेवर लावलेले पैसे आमचे होते. खरे सांगितले असते, की “टी टाइम नशिबावर आहे, हवा असेल तर खोलीचे इतके जास्त पडतील”, तर आम्ही जास्तीचे भरले असते. नाहीतर बेथपेज गाळले असते. वकीलसाहेबांनी तर आनंदाने गाळले असते.

आपल्या कोटेशनमध्ये पेबल बीचच्या टप्प्याचे माणशी 1,18,000 रुपये वेगळे दाखवले आहेत. चौघांचे 4,72,000 होतात. मॉन्टेरीतल्या हॉटेलात आम्ही दोन रात्री झोपलो आहोत, तेव्हा त्याचे जे होतील ते हॉटेलच्या मूळ बिलाची प्रत दाखवून वजा करा. फुकटचे काही नको. उरलेली रक्कम आणि बेथपेजच्या न मिळालेल्या कार्टचे पैसे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत परत करावेत. शिवाय 28 मेसाठी पेबल बीचकडे आपण नेमके कधी आणि कोणते बुकिंग केले होते, ते लेखी कळवावे. केलेच नसेल तर तसे लिहावे.

तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात, दोन्ही मुद्द्यांवर. आपले मुख्य कार्यालय मुंबईत असले तरी तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागता येते, एवढे आमच्या वकीलसाहेबांनी सांगून ठेवले आहे. ते फी घेणार नाहीत. गुडघ्यामुळे सध्या घरीच असतात आणि त्यांना काम हवेच आहे.

सोबत : माहितीपत्रक, कोटेशन, व्हाउचर, डॉक्टरांची कार्डाची पावती, फोनच्या नोंदी आणि बुकिंग फॉर्मची प्रत (गुडघ्याची ओळ अधोरेखित केली आहे).

आपला,
चौघांच्या वतीने
(सही)

ता. क. : झाल्या प्रकाराबद्दल आपण पुढच्या सहलीत वापरण्यासाठी दहा हजारांचे कूपन पाठवले होते, ते सोबत परत करत आहे. त्यावर पेबल बीचच्या सातव्या होलचा फोटो आहे. 106 यार्डांचे होल, तीन बाजूंनी समुद्र. त्या एका शॉटसाठी मी आठ महिने दर शनिवारी येरवड्यात 106 यार्डांवर छत्री रोवून सराव करत होतो. फोटो छान आला आहे.